मुठीतली जागा

ताहेरभाईंनी पिस्तूल फडक्यावर ठेवलं,
भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ बोललेच नाहीत.
वर पंखा. बाहेर अब्दुल रेहमान स्ट्रीटवर हातगाड्या अडलेल्या.
मग म्हणाले, "किती जणांनी हात लावलाय याला, बाई?"

मला एकच हात माहीत होता.
बाबांचा. उजवा. चार बोटांचा.
करंगळी गिरगावातल्या छापखान्यात कटिंग मशीनने घेतली,
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यासकट.
पत्रिका मालकाने पुन्हा छापल्या.

भरपाईच्या पैशांतून बाबांनी हे घेतलं,
कस्टम्समधून रिटायर झालेल्या पिंटोंकडून, जुनं, पॉइंट टू टू.
आई पंधरा दिवस फक्त भांड्यांशी बोलली.
त्यात तिचा एक पाट कापून
त्यांनी मूठ कोरली, आपल्या मापाची.
मग रविवारी वरळीची रेंज,
निवडणूक आली की पिस्तूल पोलीस ठाण्यात
आणि पावती देव्हाऱ्यात.

आता लायसन्स माझ्या नावावर.
विक्रोळीचे एक संग्राहक म्हणतात,
कंपनीची मूठ शोधा, नळीला काळी-निळी झाक द्या,
मूळ रूपात आणा, मग किमतीचं बोलू.
रेंजवरची पोरं म्हणतात, मावशी, नवी ग्रिप टाका,
इटालियन, लाल, एकदम तुमच्या हाताची.
तीन महिने मी दोघांनाही हो म्हणतेय.

ताहेरभाई स्क्रू सोडवतात.
मुठीखाली पिंटोंची आद्याक्षरं, खिळ्याने ओढल्यासारखी.
भोवती निकेल, अर्धंमुर्धं खरवडलेलं.
निकेलखाली कुणीतरी घासून टाकलेला शिक्का,
तो पिंटोंच्याही आधीचा.
"मूळ पाहिजे ना? सांगा, कुठपर्यंत उतरू?"

मी काहीच सांगत नाही.
ते मूठ परत चढवतात, पिस्तूल रिकामं असल्याचं
दोनदा बघतात, माझ्या हातात देतात.

अंगठा बसतो. तर्जनी बसते.
मधली दोन बोटं आपापल्या खाचांत जातात,
शेजारणीच्या घरात न विचारता शिरावं तशी.
करंगळी बाहेर.
तिच्यासाठी जागा बाबांनी ठेवलीच नव्हती,
कशाला ठेवतील.
ती हवेत उभी राहते,
चहाला आलेल्या अवघडल्या पाहुणीसारखी.

ताहेरभाई हसत नाहीत.
कानावरची पेन्सिल काढून
करंगळीच्या कडेने रेघ ओढतात,
थोडी लाकडावर, थोडी माझ्या नखावर.
"एवढंच?"
"एवढंच. आणि स्प्रिंग. शिक्क्याला, अक्षरांना हात नको."

कानस फिरते.
आतून आईच्या पाटाचं लाकूड निघतं, पिवळट,
अजून कुणीच न बसलेलं.

संग्राहकांना काय सांगायचं ते उद्या बघू.
वहीत ताहेरभाई आपल्या बारीक अक्षरात लिहितात:
स्प्रिंग एक.
बोट एक.