साडेबारा ते साडेतीन

सोहारमध्ये जून लागला की
दुपारी साडेबारा ते साडेतीन
उघड्यावर माणसांना काम बंद. कायदाच आहे.
बीकरला तो लागू नाही.
गच्चीवर मी सहा मांडते.
पाचांत निळं पाणी आणि चिमटीभर काळपट भुकटी,
सहाव्यात नुसतं निळं, साक्षीला.

भुकटीचं नाव मैथाबाई दीड ओळीत लिहितात.
मी म्हणते, जस्ताचं भस्म, लोखंडाचा गंज
आणि खजुराच्या बियांचा कोळसा,
डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक,
एकमेकांत मुरलेलं.

आधी अर्धा तास काळं फडकं.
भुकटीची रंगाशी ओळख होऊ द्यायची.
मग ऊन.

ऊन लागलं की इलेक्ट्रॉन उडी मारतो,
मागे त्याची रिकामी जागा उरते.
ती जागा पाण्याला ओरबाडते, पाणी रंगाला.
पण गेलेला लगेच घरी परतला
तर नुसती ऊब होते, काम होत नाही.
कोळसा त्यासाठी, त्याला थोडा वेळ बाहेर धरून ठेवायला.
हे मला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही.

दर वीस मिनिटांनी थेंब काढते.
निळं.
आकाशी.
सदरे खळबळून उरलेल्या निळीच्या पाण्यासारखं.
पाणी.

इचलकरंजीत अण्णा प्रोसेसमध्ये हौदावर होते.
नखं कधी जांभळी, कधी राणी,
भात कालवतानाही सुटायचा नाही इतका पक्का रंग.
तागा फिका निघाला की खडूनं फुली, आणि पगारातून कापायचे.
रात्री अण्णा फुलीबद्दल बोलायचे.
मोरीतून ओढ्याला जे जायचं
त्याबद्दल कधीच नाही.

आज फोनवर सांगितलं,
अण्णा, पंच्याण्णव टक्के रंग गेला!
पलीकडे शांत.
मग म्हणाले, "किती कापले?"

संध्याकाळी कुंजुमोनच्या कॅफेटेरियातून
समोशाचं जळकं तेल येतं, डबाभर.
त्यातही हीच भुकटी, मिथेनॉल, दिव्याचा उजेड.
सकाळी खाली काकवीसारखं दाट काही बसलेलं,
वर पिवळं, नितळ.
हमूद त्यातलं बाटलीभर होडीच्या इंजिनात घालतो
आणि शपथेवर सांगतो,
मासे समोशाच्या वासानं मागे लागतात.

शेवटी काचेला चुंबक लावते.
भुकटी कडेला गोळा होते, शाळा सुटल्यावर दारात पोरं जमावीत तशी.
धुवायची, वाळवायची, पुन्हा घालायची.
पाचव्या खेपेपासून ती जराशी मंदावते.
तेही वहीत लिहायचं, लपवायचं नाही.

सहावं बीकर अजून निळंच,
थोडं फिकं. ऊन एकटं किती करणार?
खाली मोरी आहे, नळ आहे, कुणी बघत नाही.
मी त्यावर चिठ्ठी लावलीय,
ओतू नये.
नोंद झाली की यातही भुकटी घालायची आहे.