चुंबक चिकटत नाही

रज्जाक मिस्त्रीने खिशातलं चुंबक काढलं
आणि दाराला लावलं.
पडलं.
बॉनेटला लावलं. पडलं.
‘हिच्या अंगात लोखंडच नाही,’ म्हणाला,
हातोडी पिशवीत टाकली
आणि तिथूनच मला फोन.

मी अंबडचा. फायबरवाला.
पाण्याच्या टाक्या, बसची तोंडं,
एकदा एका शाळेसाठी जिराफाची घसरगुंडी.
रेझिनच्या वासाने बायको अजून
खिडकीकडे तोंड करून झोपते.

गंगापूर धरणाच्या अलीकडे, धोंगडे शेठच्या शेडमध्ये
द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटांमागे उभी होती ती.
कॉर्व्हेट. तिसरी पिढी. सन त्र्याहत्तर.
गाड्यांनाही पिढ्या असतात, मला ठाऊक नव्हतं.
शेठ म्हणाले, पहिलीला मान, दुसरीला भाव.
‘आणि हिला?’
शेठ नुसते हसले.

हिला कंबर आहे.
चाकांवर फुगलेले खांदे, मध्येच आत गेलेलं अंग,
आणि नाक इतकं लांब
की बसणाऱ्याला रस्ता उशिरा कळावा.
खरं सांगू? बिनकामाची.
डिकीला झाकण नाही, बॅग सीटमागून आत ढकलायची.
दोनच माणसं; लेकरू झालं तर आजोळी ठेवा.
स्टिअरिंग डावीकडे,
त्र्यंबक रोडला एसटीच्या पुढे काढायची तर
शेजारच्याने मान बाहेर काढून सांगायचं,
हां, निघा.
असलं डिझाइन आमच्याकडे कुणी आणलं असतं
तर साहेबांनी चहाही न विचारता परत धाडलं असतं.

पण मी चाकाच्या कमानीत हात घातला,
आणि आतल्या बाजूने बोटांना लागले
काचेचे धागे.
तेच, जे मी रोज कात्रीने कापतो.
म्हणजे तिकडे कुणीतरी,
मी जन्मलो त्याच साली,
हेच खाजरं काम करत होता.
शिफ्ट सुटल्यावर त्यानेही दंड
गार नळाखाली धरले असतील.
आणि त्याच्या साच्यातून टाकी नाही निघाली,
ही निघाली.

अकरा दिवस लागले.
नाकावरच्या भेगा चार दिवसांत भरल्या होत्या,
बाकीचे सात मी नुसता घासत होतो.

शेवटच्या संध्याकाळी शेठनी इंजिन चालू केलं,
रज्जाकच्या ग्लासातला चहा थरथरला.
मग बटण ओढलं. हिचे दिवे बॉनेटमधून वर येतात,
हवेच्या नळ्यांवर.
उजवा झटकन आला.
डावा येईना. आला, बऱ्याच वेळाने,
पहिल्या पाळीला उठणाऱ्या माणसासारखा.
‘नळी गळतेय कुठंतरी, बदलून टाकू,’ शेठ म्हणाले.
राहू द्या, मी म्हणालो.
का म्हणालो, विचारू नका.

घरी बायकोने विचारलं, आज किती लिटरची?
मी हवेत हाताने काढून दाखवलं:
खांदा, मग कंबर, मग परत खांदा.
ती बघत राहिली.
‘आधी हात धुऊन या,’ म्हणाली.