तिरकी रेघ

बोर्डाचे साडेचार हजार ठरले होते.
दोन रोख दिले लिगोरी बार्देसकरनं,
उरलेल्याचं म्हणाला,
बायकोला घेऊन ये गा यल्लाप्पा, जेवायला.

कॅम्पातली गल्ली. आधी तिथं सायकलीचं दुकान होतं,
ओल धरली की भिंत अजून ग्रीसचा वास सोडते.
दारावर माझा बोर्ड.
कानडी वर, मोठं, नियमाच्या मापानं,
मी टेप लावून मोजलं, मग महापालिकेचा माणूस मोजून गेला.
त्याच्याखाली मराठी.
सगळ्यात खाली फ्रेंच, करंगळीएवढं,
आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ.

ती मला त्याच्या कागदावर
पेनाचा ओघळ वाटली होती, म्हणून गाळली.
दुसऱ्या दिवशी लिगोरी शिडीखाली उभा,
माणूस मेला गा, निदान त्याची मात्रा तरी ठेव.

माणूस म्हणजे रेने.
जहाज सोडून हा मार्सेयला उतरला
तेव्हा ज्यानं ह्याला कांदा परतायला शिकवला.
शे रेने, म्हणजे रेनेच्या घरी.
आमच्यात एवढ्याला ‘कडं’ पुरतं. रेनेकडं.
शिवलीलेच्या बैलहोंगलात म्हणतील, रेने मन्याग.
हे तिला सांगितलं ते चुकलंच माझं.
घर म्हटल्यावर
तिनं चपला दाराबाहेर काढल्या.
मागून मिलिटरीतला एक साहेब आला मडमेला घेऊन,
चपला बघून थबकला,
बुटाच्या नाडीकडं हात नेला, परत आणला.

सहा टेबलं. फळ्यावर खडूनं पदार्थ.
वाईनचं लायसन अजून फाईलीत झोपलंय,
म्हणून उंच देठाच्या ग्लासात
खानापूरच्या जांभळाचा रस.
शिवलीलेनं ग्लास दोन्ही हातांनी धरला, तीर्थासारखा नाही,
मांजराचं पिल्लू धरावं तसा.

मग सूप आलं. वर पाव, पावावर चीज,
चीजची तार तिच्या वाटीपासून हनुवटीपर्यंत,
इरकलीच्या पदरानं तोडली तिनं.
लिगोरीला विचारलं, किती वेळ परतला कांदा?
सव्वा तास.
सव्वा तासात माझे दोन स्वयंपाक होतात, म्हणाली,
खरं वाटीच्या तळाला चमचा वाजेपर्यंत
वर बघितलं नाही.

मी बघत होतो खिडकीतून, उलटी दिसणारी माझी अक्षरं.
तीस वर्षं हेच केलंय ह्या गावात.
रात्री पोरं येऊन काळं फासायची,
कधी ह्यांची, कधी त्यांची,
सकाळी डबा घेऊन मी. रेट एकच.
कानडीची गोलाई काढताना मनगट सैल सोडावं लागतं,
मराठीची शिरोरेघ ओढताना श्वास धरावा लागतो.
बेळगाव कुणाचं, हे मला चहाच्या टपरीवर विचारतात,
शिडीवर कुणी विचारत नाही.
फ्रेंचला काय लागतं, कळलं नव्हतं.
जीव मुठीत घेऊन काढलं होतं.

आणि तेव्हा फळ्यावर लक्ष गेलं.
लिगोरीच्या हातचं रेने.
त्याची रेघ उजवीकडं चढते.
माझी उतरते.

घास तसाच राहिला.
लिगोरीला खुणेनं दाखवलं. तो फडक्याला हात पुसत राहिला.
ठाऊक आहे की, म्हणाला, पहिल्याच दिवशी बघितलं.
मग बोलला का नाहीस?
शिडीवर तू, पाय थरथरत होते तुझे.
राहू दे. इथं कोण वाचतंय.

उद्या येतो, पुसून सरळ करून सोडतो, मी म्हटलं.
तिरकं सरळ कसं करणार, तो हसला,
आणि केलंस तर त्याचे पैसे?
रोख नाही माझ्याकडं. परत जेवायलाच यावं लागेल.

बाहेर गार वारं. साहेबाचे बूट
आमच्या चपलांशेजारी, जोडीनं.
शिवलीला अंगठा चपलेत घालता घालता
बोर्डाकडं मान वर करून बघत राहिली,
कानडी वाचलं, मराठी वाचलं,
मग त्या उताराच्या रेघेवर थांबली.

दर वेळी जरा चुकवत जा, म्हणाली.