हीट नंबर सतरा

शिरोलीत रात्रपाळीला
मी अहवाल लिहितो.
हो, लिहितो; आमच्याकडं पोरीही
आलो, गेलो, जेवलो म्हणतात,
पुण्यात चार वर्षं काढूनही ते सुटलं नाही.

एकाच फाईलमध्ये सगळं.
वर चार ओळी मराठीत, आज काय घडलं.
खाली कोडची चौकट.
पुन्हा मराठी, पुन्हा चौकट.
माणसानं सरळ वाचत जावं
आणि यंत्रानं फक्त चौकटी उघडाव्यात,
मधलं माझं बोलणं ओलांडून.

पहिल्या चौकटीत हिंदुराव चौगुल्यांची वही :
हीट नंबर, वेळ,
भट्टीतून काढताना किती, साच्यात ओतताना किती.
पानाच्या कोपऱ्यात काजळीचा अंगठा.
तो काही मला टाईप करता आला नाही.

दुसरी चौकट वजाबाकी करते.
तिसरी आलेख काढते.
पण तिसरीला पहिलीची ओळख नाही.
एकाच पानावर, भिंतीला भिंत,
तरी एकीत जन्मलेलं नाव
तिथंच विझतं.
शेजारणीनं हाक मारली तर उत्तर येतं,
असं कुणी इथं राहत नाही.

म्हणून तक्त्याला नाव द्यायचं (मी दिलं : ओतकाम)
आणि पुढच्या चौकटीच्या गणेशपट्टीवर लिहायचं,
कुणाकडून काय घ्यायचं ते.

हिंदुराव चहाचा कप घेऊन मागं उभे.
"म्हंजी लाडलच की वो ह्ये.
लोखंड काय आपल्या पायानं साच्याकडं जात न्हाई.
कुणीतरी धरून न्याय लागतंय.
आन् नेताना पन्नास-साठ डिग्री जात्यातच.
तुमचं किती जातंय?"

आमचं काही जात नाही, म्हणालो.

मग तिसरी चौकट चालवली.
आधी तिनं मथळ्याचीच ओळ उचलली,
'तापमान' हा शब्द रेघेवर कुठं बसवू म्हणाली.
मथळा बाजूला काढला.
मग देवनागरी आकडे तिला आकडे वाटेनात.
१४८५ म्हणजे नुसती नक्षी.
तेही बदलले, एकेक, डोळे चोळत.
मग सतराव्या हीटला अडली.
अडली ती अडलीच.

वही काढून बघितलं.
ओततानाच्या रकान्यात, आकड्याच्या जागी,
त्याच पेन्सिलीनं, त्याच वळणात :
म्हादूचा हात.

ते मीच टाईप केलं होतं, संध्याकाळी,
बाकीच्या रकान्यांसारखं,
न वाचता.

"त्या टायमाला मीटर कोण धरतंय?"
हिंदुराव कपातल्या चहाकडं बघत म्हणाले.

शून्य घातलं
तर रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते,
जणू भट्टीच मेली.
सुपरवायझर फोनवर म्हणाले, अलीकडपलीकडची सरासरी घाल की,
गिऱ्हाइकाला काय कळतंय.
घालून बघितली.
रेघ इतकी गुळगुळीत झाली
की त्या वेळी कुणी ओरडलंच नव्हतं.

पहाटे साडेचारला
मी ती जागा रिकामी ठेवली.
दुसऱ्या चौकटीला सांगितलं, रिकामं आहे ते रिकामंच पुढं दे.
आणि वर मराठीत,
जिथलं काहीच कुठल्या चौकटीत जात नाही, तिथं लिहिलं :
हीट सतरा मोजली नाही.
लाडलमधून लोखंड उडालं. महादेव आवळे, डावा हात,
मनगटापासून कोपरापर्यंत.

पाळी सुटल्यावर सीपीआरला गेलो.
प्रिंट पर्समध्ये, चौघडी करून.
म्हादूनं ती उजव्या हातानं धरली,
उलटी, मग सुलटी.
वरचं मराठी वाचलं नाही त्यानं,
चष्मा कारखान्यातच राहिला होता.
नुसती रेघ बघितली.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी बोट ठेवलं.
हितपर्यंत येते, म्हणालो,
आणि इथनं परत सुरू होते.