पट्टी

हळकुंड मोडताना मी डोळे मिटतो.
वाळलेलं असेल तर खणकन तुटतं,
ओल असेल तर नुसतं कुरकुरतं.
एकतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
ह्या कानांवर पोती पास झाली, पोती परत गेली.

म्हणूनच डॉक्टर मगदूम मुलीकडे नाशिकला निघताना
दोन सीडी आणि एक कॅसेट माझ्या हवाली करून गेले.
तिन्हींत चीज एकच, कुण्या रशियनाची.
पियानो एकटा, समोर नव्वद माणसांचा ताफा.
‘भल्याभल्यांची बोटं मोडतात हिच्यात, अण्णा.
कुणाचा माल उजवा, तेवढं कळवा.’

पहिला पोरगेला. वाजवतो कसला, लिलाव पुकारतो:
एक आकडा तोंडातून सुटायच्या आत पुढचा.

दुसरा तोलूनमापून. एक सूर सांडत नाही.
असा माणूस मला दिवाणजी म्हणून चालला असता,
जेवायला शेजारी नको.

तिसरी बाई. कॅसेटवर नाव पुसट, शेवटची दोन अक्षरं तेवढी.
सुरुवातीची साधी ओळ
ती उंबऱ्यात थांबून म्हणते, आत येऊ की नको अशी.
सावकाश. आणि खाली.
शेजारच्या बाहुबलीनं पेटी धरून बघितली:
‘हिचा पियानो उतरलाय.’
म्हटलं, उतरू दे.
चार वर्षं, रात्री अकरानंतर, मी तिचाच.
घड्याळ लावलं होतं: बाकीच्यांहून अडीच मिनिटं जास्त.
त्या अडीच मिनिटांत काय काय भरलं होतं मी,
नवरा, लढाई, बर्फात थांबलेली एक गाडी.
डॉक्टरांना पानभर पत्रही लिहून झालं होतं.

मग टेप बंद पडला.
हरभट रोडच्या मागे दिलावर नदाफनं झाकण उघडलं,
चिमट्यानं रबराचा पट्टा बाहेर ओढला,
शिजलेल्या शेवईसारखा.
‘किती वर्षं असंच ऐकताय?’
नवा घातला. कळ दाबली.

धावतच सुटली की हो.
पोराच्या जरा मागे, दिवाणजीच्या जरा पुढे,
पट्टी तंतोतंत.
चांगली, कसलेली, घाईतली बाई.

अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले
यार्डात रोज बघतो मी.

पण ती जी थांबत होती, ती कोण?
चार उन्हाळे रबर केसभर, केसभर सैल होत गेलं
आणि कुणीतरी उंबऱ्यात उभं राहिलं.

‘जुना टाकू?’
पूर्वी आमच्यात भाव बोलत नसत.
रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबायची, झाला सौदा.
मी रुमाल काढला, दिलावरच्या हातावर टाकला,
त्याची दोन बोटं आवळली.
त्याला ती भाषा येत नव्हती.
‘अण्णा, बीपी बघून घ्या,’ म्हणाला,
आणि पट्टा माझ्या खिशात कोंबला.

पत्र तसंच पडलंय.
डॉक्टरांचा फोन येतो मधूनमधून,
काय झालं मालाचं?
सांगतो, ओल आहे अजून.
वाळू दे.