मनगट

तीस वर्षं कबरी खणतोय मी इमेरेतीच्या या डोंगरावर.
खाली गेलेलं काही वर आलेलं पाहिलं नाही,
माझं फावडं सोडलं तर.

एतेरीच्या मुलाची कबर मात्र निराळी.
तिच्यात कुणीच नाही.
मँगनीजच्या खाणीतला सातवा बोगदा बसला
तेव्हा बिचिको आत होता. आणखी दोघं होते.
चौथ्या दिवशी शोधायला गेलेले वर आले,
दोर गुंडाळले, टोप्या काढल्या,
इंजिनिअर बुटांकडे बघत म्हणाला,
याच्या खाली आता कुणालाच उतरता येणार नाही.

एतेरी म्हणाली, ओतिया, माप पूर्ण घे,
एक मीटर पंच्याऐंशी.
मी पूर्ण घेतलं.
पेटीत तिनं त्याचे रविवारचे बूट ठेवले, कंगवा ठेवला,
आणि पेटी हलकी लागू नये म्हणून
मक्याच्या पिठाची पिशवी.
चौघांनी उचलली.
चौघांच्याही खांद्यांना कळलं, वजन खोटं आहे.
कुणी बोललं नाही.

त्या ईस्टरच्या रात्री
चर्चभोवती नेहमीसारख्या तीन फेऱ्या घातल्या.
वाऱ्यानं मेणबत्त्या विझत होत्या,
शेजाऱ्याच्या ज्योतीवर परत लागत होत्या.
ख्रिस्त उठला! पाद्री सावा ओरडले.
खरंच उठला! आम्ही सगळे.
मीही, जरा मोठ्यानंच, बायको शेजारी होती म्हणून.
मग ते म्हणाले, आनंद करा, कबर रिकामी आहे.
आणि माझी मान खाली गेली.
रिकाम्या कबरीचा आनंद
एतेरीला कोण समजावणार होतं?

सोमवारी सगळं गाव कबरींवर.
मंजिष्ठाच्या मुळात उकळलेली लाल अंडी,
ताटलीत उगवलेला गव्हाचा कोवळा हिरवा,
पाव, चीज, घरची वाइन.
एतेरीनं अंडं कबरीवरून सोडलं,
ते काट्याच्या झुडपाशी अडकलं, तिनं बोटानं ढकललं.
वाइन ओतली.
माझ्या जिभेला हाड नाही. विचारलं,
कुणाला पाजतेस? तो इथं नाहीये.

मला सांगतोस? ती म्हणाली. पीठ मीच भरलं होतं.
मग पदरानं नव्हे, हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं
आणि विचारलं,
उत्तरेच्या भिंतीवरचं चित्र नीट पाहिलंयस कधी?
धुरानं काळवंडलेलं ते?
पायाखाली मोडलेली दारं, कुलपं, सांडलेल्या किल्ल्या,
आणि तो वाकून आदामाला वर ओढतोय.
हात नाही धरलेला त्यानं, ओतिया.
मनगट धरलंय.
हात धरायचा तर दोघांनी धरावा लागतो.
चौथ्या दिवशी माझ्या बिचिकोच्या बोटांत
काय राहिलं असेल धरण्याइतकं?

पाद्री म्हणतात, तो पापांसाठी मेला. असेल,
त्यांनी पुस्तकं वाचलीत.
मला एवढंच उमगलंय की
मेल्यावाचून तिथं उतरता येत नव्हतं,
म्हणून तो मेला.
इंजिनिअर जिथून मागे फिरला
त्याच्याही खाली गेला.
आणि एकटा वर आला असेल
असं मला वाटत नाही.

एवढं बोलून तिनं अंडं सोललं, अर्धं मला दिलं.
मीठ आणायला विसरली होती.

संध्याकाळी मी चर्चमध्ये गेलो, काडी पेटवून पाहिलं.
खरंच. मनगट.
आदामाची बोटं ओल्या फडक्यासारखी लोंबलेली,
चेहरा अजून झोपेत,
त्याला कळलेलंही नाही कुणी धरलंय ते.
काडी संपली, बोट भाजलं.

माझा विश्वास किती, मला विचारू नका.
मी माती ओळखतो, तिच्याशी माझा रोजचा व्यवहार आहे.
पण हल्ली खड्डा पुरा झाला
आणि जुंबेर, माझा मदतनीस पोरगा, आतून हात वर करतो,
तेव्हा मी त्याचं मनगट धरतो.
दुखतंय, काका, तो ओरडतो.
दुखू दे, मी म्हणतो,
आणि ओढतो.