सहा दिवस, गावातल्या गावात

मनालीचे पैसे घेऊन टूरवाला पळाला
त्याच संध्याकाळी माझी रजा मंजूर झाली.
दूध बंद, पेपर बंद,
तुळशीची कुंडी चित्रेकाकूंच्या दारात,
आणि तीन कानटोप्या, किमतीच्या चिठ्ठ्या अजून लटकत असलेल्या.
हेरंब म्हणाला, आता कुणाला सांगायचं नाही.

म्हणून पहाटे सॅका पाठीवर टाकून आम्ही निघालो,
आणि रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारलं
तेव्हा तिघांनी एकमेकांकडे बघितलं.
तलावपाळी, म्हणाली ऋजुता.
पाचपाखाडीहून. मीटर पडलासुद्धा नाही.

सतरा वर्षं मी मासुंद्याला वळसा घालून बँकेत जाते,
कधी त्याच्याकडे पाठ, कधी खांदा.
कठड्यावर बसून समोरासमोर
बघितला नव्हता कधी.
बोट नऊशिवाय सुटत नाही, असं कळलं.
आम्हाला कुठे घाई होती.
कौपिनेश्वराच्या गार फरशीवर पाय टेकले
आणि थर्मासातला चहा संपवला,
जो रोहतांगसाठी घेतला होता. म्हणजे थर्मास.

कचराळीत कासवं मोजली. मी चौदा. हेरंब अकरा.
यावर आमचं दीड तास भांडण.

येऊरला पाटोणापाड्याच्या वाटेवर
बायजी वरठा पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती.
कुठून आलात?
पाचपाखाडी.
तिने सॅकेकडे बघितलं, बांधलेल्या ब्लँकेटकडे बघितलं,
आणि दोन करवंदं जास्त टाकली.

जेलच्या भिंतीपाशी ऋजुता थांबली.
आई, हा किल्ला होता.
शहरातला एवढा मोठा किल्ला,
आणि बघायचा तर आधी गुन्हा करायचा!
दगडांतून पिंपळ उगवलाय. तो सुटलेला दिसला.

रात्री चपला हातात घेऊन जिना चढायचो,
दिवा न लावता जेवायचो,
चोरासारखे, आपल्याच हप्त्यांच्या घरात.
एकट्या वॉचमनला माहीत होतं.
टीकाराम. रोज गेट उघडताना विचारायचा,
आज बर्फ पडला का, मॅडम?

चौथ्या रात्री हेरंबने त्याला ते पत्रक दाखवलं,
पांढरा डोंगर, खाली लाल अक्षरांत पाच रात्री सहा दिवस.
टीकारामने बॅटरी मारून नीट बघितलं.
हा आमच्या घरामागे आहे, म्हणाला.
लोक गाड्या करून येतात. फोटो काढतात.
तुम्ही गेलाय वर?
मी कशाला? बकऱ्या जायच्या.

अकरा वर्षं ठाण्यात आहे तो.
गेट, खोली, किराणा, गेट.
तलाव म्हणालो तर त्याला पाण्याची टाकी आठवली.

सहाव्या दिवशी ऐरोलीची बोट होती,
भरतीच्या वेळेची.
टीकाराम ड्यूटी संपवून तसाच आला,
वर गणवेशाचा शर्ट, खाली स्वतःची पँट.
खाडीला तिचा वास होता, लपवण्यासारखा नाही.
कांदळवन संपलं आणि चिखलावर
ते उभे होते. हजारोंनी. एका पायावर.
पूल वर, ट्रक वर,
आणि खाली हे, कच्छाहून का कुठूनसे आलेले,
आमच्या सांडपाण्यात मान घालून
पोटभर जेवणारे पर्यटक.

कुणी काही बोललं नाही.
मग टीकारामने घरी फोन लावला
आणि पक्ष्यांकडे धरून ठेवला.
मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं.
पलीकडे एक बाई डोळे बारीक करून बघत होती,
तिच्यामागे कुंपण, कुंपणावर गोधडी,
आणि गोधडीच्या वर
तो डोंगर.
तोच असेल, नाहीतर त्याच्या शेजारचा.
तेवढ्यात रेंज गेली.

सातव्या सकाळी तुळस आणायला गेलो.
चित्रेकाकूंनी दार उघडलं, आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.
काळवंडलात गं सगळ्या. कसं होतं? फार थंडी?
मी तोंड उघडेपर्यंत
ऋजुता म्हणाली,
भरती बघून जावं लागतं, काकू.